गोधडीत गेलेलं लुगडं



जुन्या काळी माणसं काय नेसत, काय घालत, याचा शोध घेणं हे आमचं काम. भरजरी पैठणी, सरदाराचा अंगरखा संग्रहालयात काचेआड बघायला मिळतो. पण शेतात राबणाऱ्या बाईचं लुगडं दाखवा म्हटलं, की गावोगावी एकच उत्तर येतं, "ते कुठलं आता? गोधडीत गेलं!"

खरंच आहे. भारी वस्त्र सणावारी नेसलं, पेटीत ठेवलं, म्हणून टिकलं. रोजचं लुगडं विरलं, की दंड घालून पुन्हा नेसलं. मग त्याची गोधडी, शेवटी पोतेरं. म्हणून श्रीमंतांच्या कपड्यांचा इतिहास लिहिला गेला आणि कष्टकरी बायांचा राहून गेला.

कपडा आम्ही वाचतो तरी कसा? शिवण बघतो. शिलाई मशीन १८५० नंतर पसरलं. मूळ शिवणच मशीनची असली, तर कपडा त्याआधीचा नाही. चोळीची शिवण उसवून सैल केलेली दिसली, की बाईचं अंग भरलं असेल, नाहीतर थोरलीची चोळी धाकटीनं घातली असेल. इंग्लंडच्या जॅनेट अर्नोल्ड यांनी असेच जुने कपडे बारकाईनं मोजून त्यांचे आराखडे काढले. त्यांचं पहिलं पुस्तक १९६४ साली आलं.

पण साडीला ना बाही, ना गळा. तिचा इतिहास कापडात अर्धा, नेसण्यात अर्धा. ऋता कपूर चिश्ती यांनी देशभरातल्या साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या. ही विद्या बायांच्या हातात असते. नेसणारी गेली, की तीही जाते.

म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीला गावातल्या सगळ्यात वयस्कर आजीला बोलवा. नऊवारी नेसून दाखवायला सांगा. कासोटा कसा घालायचा, ओचा कुठं खोचायचा, लावणीच्या वेळी लुगडं किती वर घ्यायचं, सगळं वहीत उतरवा. आजीचं नाव, गाव, तारीख विसरू नका.

आणि घरातली जुनी गोधडी टाकू नका. प्लॅस्टिकमध्ये दमट राहते; धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. तिच्यातला कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, ते आजीलाच विचारा. चिठ्ठी लिहून सोबत ठेवा. आमच्यासारख्यांना उद्या तीच चिठ्ठी लागणार आहे.