नाणं आणि त्याची जागा

मंडळी, नाण्यांवर व्याख्यान म्हटलं की सोन्याच्या मोहरा डोळ्यांसमोर येतात. आज आपण बोलणार आहोत ते शिशाच्या काळपट तुकड्यांबद्दल. मोडीत घातले तर चहाचे पैसेही सुटणार नाहीत. पण आपल्या कोल्हापूरच्या तीन राजांची नावं जगाला कळली ती या तुकड्यांमुळेच.

पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळापासून बहमनी काळापर्यंतची वस्ती थराथरांतून उलगडली. ब्रह्मपुरीतच मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आज आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. मात्र या टेकडीवर आणि कोल्हापूर परिसरात सापडणाऱ्या शिशाच्या नाण्यांची चर्चा त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. पंडित भगवानलाल इंद्रजी, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारख्यांनी ती अभ्यासली.

या नाण्यांच्या एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि कठड्यातलं झाड. अक्षरांत राजाचं नाव, तेही आईच्या नावासह: वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. नाण्यावर ना साल, ना गावाचं नाव. मग आधीचा राजा कोण, नंतरचा कोण, हे कसं ठरवायचं?

उत्तर नाण्यावरच मिळालं. काही नाण्यांवर दोन ठसे आहेत. नव्या राजाने जुनं नाणं वितळवलं नाही, त्यावरच आपला ठसा मारला. सिवलकुराचा ठसा वासिठीपुताच्या नाण्यांवर आहे आणि गोतमीपुताचा ठसा त्या दोघांच्याही नाण्यांवर आहे. वरचा ठसा नंतरचा, एवढ्या साध्या तर्काने क्रम लागला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. साठा एकत्र राहिला, म्हणून मोजता आला. तीच नाणी सुटी सुटी बाजारात गेली असती तर हा आकडा आपल्याला कधीच कळला नसता.

क्रम लागला, पण हे राजे कोल्हापूरचेच कशावरून? चांदीचं नाणं धातूच्या किमतीवर दूरदूर जातं. शिशाला परमुलखात कोण विचारणार? ते साधारणपणे जिथे चालतं तिथेच राहतं. म्हणून ती कोल्हापुरात सापडली, हाच मोठा पुरावा. ग्रीक भूगोलकार टॉलेमी हिप्पोकुरा नगरीच्या ‘बलेओकुरोस’ राजाचा उल्लेख करतो. तो आणि विळिवायकुर एकच असावेत असं अनेक अभ्यासक मानतात, आणि त्या विचारालाही आधार या जागेचाच.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे न्यायशास्त्रातला दृष्टान्त आठवतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. या अनुमानाला धूर जितका लागतो तितकाच डोंगरही लागतो. कुणी धूर डब्यात भरून आणून दाखवला, तर आग कुठे लागली हे कसं सांगणार? बाजारातून विकत घेतलेलं नाणं हे असं डब्यातल्या धुरासारखं असतं. नाणं खरं असतं, पण त्याचा डोंगर हरवलेला असतो.

म्हणून एक विनंती. नांगरताना, पाया खणताना मडकं लागतं. मग भीतीपोटी किंवा लोभापोटी नाणी वाटून घेतली जातात, आटवली जातात. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. सरकारने तो घेतल्यास मोबदल्याची तरतूदही त्यात आहे. हे गावात सांगितलं तर भीती कमी होईल. आणि सापडलेली नाणी घासूनपुसून चकचकीत करू नका, आधी कुठल्या शेतात, किती खोलीवर, कशाबरोबर मिळाली ते लिहून ठेवा.

टाऊन हॉलला गेलात की कपाटातली नाणी जरूर पाहा. मात्र पाहताना त्याखालच्या चिठ्ठीवरचं गावाचं नावही वाचा. ते असेल तरच त्या नाण्याकडून इतिहास शिकता येतो.