सापाच्या विषावरचा उतारा

एकोणिसाव्या शतकात सर्पदंश रोखण्याचा सरकारी मार्ग म्हणजे साप मारणे. रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशांवर नगावारी बक्षीस मिळे. फुरसे आजही तिथल्या कातळसड्यांवर मुबलक आहे. ज्याला दंश झाला त्याच्या वाट्याला मांत्रिक येई, नाहीतर कडुनिंबाचा पाला. पाला कडू लागला नाही, तर विष चढले असे समजत. डॉक्टरांचा उपायही फारसा सरस नव्हता. १९०४ मध्ये ब्रंटन, फेरर आणि रॉजर्स यांनी जखमेला चीर देऊन पोटॅशियम परमँगनेट चोळण्याची शिफारस केली. पण विष तोवर खोल गेलेले असे, आणि चिरेमुळे नवी इजा होई.

खरा उतारा १८९० च्या दशकात निघाला. आल्बेर काल्मेत यांनी नागाचे विष थोडे थोडे टोचून प्राण्यांच्या रक्तात प्रतिविष तयार केले. पुढे त्यासाठी घोडे वापरले जाऊ लागले. हे औषध सर्व सापांवर चालेल, असे काल्मेत यांना वाटत होते. भारतात जॉर्ज लँब यांच्या प्रयोगांनी ते खोडून काढले: नागाचे प्रतिविष घोणसाच्या विषावर निष्प्रभ ठरले. सर्पदंशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा. त्यानंतर कसौलीत नाग आणि घोणस यांवर प्रतिविष होऊ लागले. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे एकच प्रतिविष बनू लागले.

चौघांचे विष शरीरात निरनिराळे काम करते. नाग चावला की जागा सुजते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडकतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंशाच्या जागी वेदना जवळजवळ नसते, म्हणून पहाटे पोट दुखू लागले तरी सापाचा संशय येत नाही. घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत. हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाते, आणि घोणसाच्या दंशात मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते.

रुग्णालयात थोडे रक्त स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही, तर प्रतिविष सुरू करतात. पहिली मात्रा साधारण ८ ते १० कुप्यांची असते. मुलांनाही तेवढीच लागते, कारण साप लहान मुलाला विष कमी देत नाही. औषधाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिन हाताशी ठेवावे लागते. मण्यारीचे विष मज्जातंतूंवर एकदा बसले की प्रतिविष ते काढू शकत नाही. तेव्हा श्वसनयंत्रच रुग्णाला जगवते, आणि वेळीच लावले तर तो पूर्ण बरा होतो.

सह्याद्रीतल्या चापड्याच्या विषावर मात्र या चौघांचे प्रतिविष भरवशाचे नाही, आणि त्याच्यासाठी वेगळे प्रतिविष भारतात अजून बनत नाही.