पिठ्या ढेकणाच्या मागावर आलेली माशी

गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानातला विद्यार्थी पऱ्हाटीच्या शेंड्यावरचा पांढरा, पिठासारखा थर पाहताच ‘पिठ्या ढेकूण’ असे सांगेल. अंगावरच्या मेणामुळे या किडीवर फवाऱ्याचा परिणाम सहजी होत नाही.

ही कीड मूळची इथली नव्हे. टिन्सले यांनी १८९८ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोतून तिचे वर्णन केले. फेनाकोकस सोलेनॉप्सिस हे तिचे शास्त्रीय नाव. तिचा मोठा उद्रेक भारतातील कापसावर २००५ नंतर झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांत ४७ ठिकाणी पाहणी केली. बहुतेक नमुन्यांत हीच कीड निघाली.

याआधी कॅनडातही असाच प्रसंग आला होता. १९३० मध्ये तिथल्या स्प्रूसच्या जंगलात युरोपातील करवतमाशीचा उद्रेक आढळला. शास्त्रज्ञांनी युरोपातून परजीवी कीटक आणून, वाढवून, कोट्यवधींच्या संख्येने सोडले. पुढे एका विषाणूनेही करवतमाशीचा कणा मोडला. तो बहुधा या परजीवींबरोबरच आला असावा.

आपल्याकडे मात्र कोणी काही आणण्याआधीच मदत हजर होती! २००८ मध्ये दिल्ली परिसरात पिठ्या ढेकणांत एक इवलीशी माशी सापडली. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते. ढेकूण तपकिरी, टणक डबीसारखा होतो आणि तिला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. २००९ मध्ये हयात यांनी तिला नवी जात मानून शास्त्रज्ञ बंबावाले यांच्यावरून एनॅशियस बंबावालेई असे नाव दिले.

पण परदेशी किडीला इतका नेमका शत्रू भारतात कुठून मिळाला? उलगडा २०१४ मध्ये झाला. जिरॉल्ट यांनी १९१५ मध्येच ॲरिझोनाच्या नावाने वर्णन केलेली माशी ती हीच! कीड अमेरिकेची, तिचा शत्रूही तिकडचाच; तो किडीच्या मागोमाग आला असावा.

घाईने केलेली फवारणी या मित्राचाही जीव घेते. म्हणून फवाऱ्याआधी तपकिरी डब्या मोजाव्यात. विद्यार्थ्यांना त्या बाटलीत ठेवून तोंडाला फडके बांधायला सांगा. काही दिवसांनी बाटलीत कोण फिरते, ते त्यांनाच पाहू द्या.