राष्ट्रपतींची बग्गी आणि आमच्या राजाची पालखी

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांच्यासह बग्गीतून कर्तव्यपथावर आल्या. टीव्हीसमोर बसल्या बसल्या मी घरच्यांना नाणेफेकीची गोष्ट सांगितली. फाळणीत व्हाइसरॉयच्या अंगरक्षक दलाची वाटणी झाली, पण बग्गी कुणाची? इकडून ठाकूर गोविंदसिंग, तिकडून साहबजादा याकूब खान; नाणं उडवलं आणि बग्गी आपल्याकडे राहिली, असं सांगतात. गोष्ट फक्कड आहे, पण मला त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

२६ जानेवारी १९५० रोजी दुपारी अडीचला डॉ. राजेंद्रप्रसाद सहा घोड्यांच्या गाडीतून आयर्विन स्टेडियमकडे निघाले. गाडी ३५ वर्षांची, म्हणजे साहेबाच्याच अमदानीतली. डागडुजी करून तिच्यावर अशोकस्तंभाची मुद्रा चढवली होती, एवढंच. नव्या राज्याने जुनी गाडी टाकली नाही. लोकांनी आपला राष्ट्रपती डोळ्यांनी पाहावा, हे तिने साधलं.

१९८४ मध्ये इंदिराजींची हत्या झाली आणि सुरक्षेपायी बग्गी मागे पडली. ती २०१४ मध्ये प्रणव मुखर्जींनी बीटिंग रिट्रीटला पुन्हा बाहेर काढली. अमेरिकेत वेगळंच घडलं. केनेडींवर ज्या उघड्या लिंकनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, तिलाच चिलखत आणि पक्कं छप्पर चढवून पुन्हा कामाला लावलं. १९७७ पर्यंत ती अध्यक्षांच्या ताफ्यात होती! आता डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.

आमच्या उज्जैनात राजा एकच, महाकाल. शिंदे सरकारसुद्धा इथे रात्रीचा मुक्काम करत नसत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. श्रावणातल्या सोमवारी पालखी निघते तेव्हा मंदिराच्या दारात पोलिसांची सशस्त्र तुकडी सलामी देते. प्रजासत्ताकाचे पोलीस, बरं का! मग रामघाटावर क्षिप्रेच्या पाण्याने पूजा, आणि परतताना बायजाबाईंनी बांधलेल्या गोपाळ मंदिरावरून वाट. इकडचा श्रावण पौर्णिमेला संपतो, तरी सवारी भाद्रपदाच्या वद्य पक्षातही निघते, कारण मराठी पंचांगात तो श्रावणच. शिंदेशाहीची ही खूण सरकारी कागदाहून टिकाऊ निघाली.

त्या पालखीला काच नाही, चिलखत नाही. अपवाद २०२० चा. कोरोनामुळे मार्ग छोटा केला, लोकांना मनाई होती. त्या वर्षी आम्हीही आमचा राजा टीव्हीवरच पाहिला.