वनदौऱ्याची वाहने व अनुयाने, चंद्रपूर–गडचिरोली

स्वतःचे एंजिन नसलेल्या व दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावयाच्या गाडीस अनुयान किंवा ट्रेलर म्हणतात. राहण्याचे सर्व सामान बरोबर घेऊन अरण्यातून मजल दरमजल करीत जाण्याची गरज पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली या जिल्ह्यांत, वनाधिकारी, भूमापक व महसुली अधिकारी यांना दीर्घकाळ पडत आली. आता मुक्कामाची गाडी मागे जोडून निघालेल्या हौशी कुटुंबांनाही तीच गरज पडते. साधने बदलली, तरी मागच्या ओझ्यासाठी पुढे काय जुंपावे, हा प्रश्न येथे ओढणाऱ्याच्या ताकदीपेक्षा वाटेनेच अधिक ठरविलेला आहे.

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे प्राणहिता म्हणून वाहणारी नदी सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते. या नद्यांची पात्रे रुंद व वाळूची असून त्यांना मिळणारे नाले खोल व उभ्या काठांचे आहेत. पाऊस सु. १२५ ते १५० सेंमी. पडतो आणि भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या वाटा चार महिने चिखलात बुडतात. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर या भागाचा माल जलमार्गाने समुद्राकडे नेण्याची आशा इंग्रजांनी काही काळ बाळगली. परंतु गोदावरीवरील ती योजना १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. लोहमार्ग वरोडा, चांदा व बल्लारपूर असा जिल्ह्याच्या पश्चिम कडेने गेला. वैनगंगेपलीकडे आलापल्ली, अहेरी व सिरोंचा यांच्याकडे जाण्यास बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते.

विदर्भात माल नेणाऱ्या मोठ्या गाडीस बंडी म्हणतात. माणसांना नेण्यासाठी दमणी व रेंगी या हलक्या गाड्या असत. चांगल्या सपाट वाटेवर बैलजोडी सु. अर्धा ते एक टन ओझे ओढी. वाळूत व चढावर ते बरेच कमी करावे लागे. वेग ताशी ३ ते ४ किमी.; त्यामुळे दिवसाची मजल सामान्यतः १५ ते २५ किमी. पडे. राहुट्या, खाटा, दप्तराच्या पेट्या व स्वयंपाकाची भांडी यांनी भरलेल्या बंड्या रात्रीच पुढे निघत, साहेब सकाळी घोड्यावरून मागाहून येई आणि त्याच्या आगमनापूर्वी डेरा उभा असे. सामान रचण्याचे शास्त्र गाडीवानास अनुभवाने ठाऊक होते. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यास ओढ बसते. भार फार पुढे आला की ती धुरजड होऊन बैलांच्या मानेवर दाबते. भार आसाच्या किंचित पुढे ठेवणे हा मधला मार्ग. आधुनिक अनुयानाच्या जोडदांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा, असा जो नियम अभियंते सांगतात, तो याच अनुभवाचे आकड्यांतील रूप होय.

या पद्धतीचा खर्च सरकारी हिशेबात फार कमी दिसतो. परंतु तो हिशेब अपुरा आहे. दौऱ्याचा हंगाम हिवाळ्याचा आणि भाताची कापणी-मळणीही त्याच सुमारास. बंड्या, बैल व ओझेकरी पुरविण्याचे काम वाटेवरील गावांवर पडे आणि बहुधा गोंड व माडिया कुटुंबांना स्वतःचे खळे सोडून डेऱ्यामागे जावे लागे. नाममात्र मोबदला देऊन किंवा न देताही घेतल्या जाणाऱ्या या कामास वेठबिगार म्हणत. मध्य प्रांतातील आदिवासींच्या गाऱ्हाण्यांत तिला मोठे स्थान होते. दौऱ्याच्या वाहनांचा इतिहास लिहिताना घोड्यावरच्या स्वाराकडेच लक्ष जाते, हा एक जुना दोष आहे.

ओंडके ओढण्यासाठी वन विभागाने हत्ती बाळगले. कमलापूर येथील हत्तींचा तळ त्याची आठवण देतो. डेरा हलविण्यास मात्र हत्ती फारसा सोयीचा नाही, कारण त्याच्या चाऱ्यापाण्याची व्यवस्था हाच एक स्वतंत्र संसार असतो.

खरा बदल जीपगाडीने झाला. अमेरिकेच्या सैन्याने १९४० मध्ये मागविलेल्या नमुन्यांतून ही गाडी सिद्ध झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा सु. ६,४०,००० गाड्या तयार झाल्या. विलिस जीपचे एंजिन सु. २.२ लिटरचे व ६० अश्वशक्तीचे, वजन सु. १,१०० किग्रॅ. आणि पुढील व मागील आसांतील अंतर केवळ २०३ सेंमी. होते. तिच्यासाठी बनविलेल्या पाव टनी अनुयानात खडबडीत वाटेवर ५०० पौंड, म्हणजे सु. २२७ किग्रॅ., सामान नेता येई. भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने मुंबईत जीपची जुळणी व नंतर निर्मिती सुरू केली. येथील अरण्यात जीप उपयोगी पडली, ती वेगामुळे नव्हे. चारही चाकांना मिळणारी गती आणि निम्न दंतचक्रांची जोडी यांमुळे ती कोरड्या नदीची वाळू व नाल्याचा काठ ओलांडू शके. अनुयान जोडल्यावर बंड्यांचा तांडा अनावश्यक झाला आणि तंबू, शिधा व पेट्रोलचे डबे घेऊन साहेब गावाच्या बैलांवाचून पुढे जाऊ लागला.

तथापि जीपमध्ये एक उणीव होती. ओढणारी गाडी आखूड व हलकी असेल, तर उतारावर मागचे अनुयान तिला ढकलते आणि वळणावर तिचा मागील भाग बाजूला फेकते. म्हणून जड मुक्कामगाडीसाठी लांब व भक्कम चौकटीचे वाहन लागते. अमेरिकेत १९३५ पासून निघालेली शेव्हर्ले सबर्बन ही या वर्गातील सर्वांत जुनी गाडी होय. तिच्या अलीकडील नमुन्यात आसांतील अंतर सु. ३.४ मी. आणि रुंदी २ मी.हून अधिक आहे. एवढी रुंदी महामार्गावर खपते. आलापल्ली–भामरागडसारख्या वाटेवर समोरून बांबूचा ट्रक आल्यास ती अडचण ठरते. भारतात टाटा सुमो (१९९४), महिंद्र बोलेरो (२०००) व स्कॉर्पिओ (२००२) या मध्यम लांबीच्या कुटुंबगाड्यांनी जीपची जागा घेतली. यांपैकी पहिल्या दोन गाड्या या जिल्ह्यांत हौसेपेक्षा प्रवासी वाहतुकीसाठी अधिक धावल्या.

निवड करताना एंजिनाची अश्वशक्ती प्रथम पाहण्याची चूक सर्वत्र होते. ओढण्याची क्षमता कागदावर कितीही असो, गाडीची स्वतःची भारवाहक मर्यादा बहुधा आधी संपते. १,५०० किग्रॅ. वजनाचे अनुयान जोडदांडीवर १५० ते २२५ किग्रॅ. भार टाकते, त्यात पाच माणसांचे सु. ३५० किग्रॅ. व १०० किग्रॅ. सामान मिळविल्यास हा भार ६०० किग्रॅ.च्या वर जातो. मग मागील स्प्रिंगा दबतात, पुढील चाकांवरचा भार कमी होतो व सुकाणू सैल लागते. गाडीवानाच्या भाषेत गाडी उलाळ होते. याखेरीज अनुयानास स्वतःचे गतिरोधक हवेत, कारण उतारावर थांबविणे हे चढावर ओढण्याहून अवघड काम आहे. कमी वेगात मिळणारी जास्त ओढ हा डीझेल एंजिनाचा गुण येथे उपयोगी पडतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण मंजूर केले. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात वनफेरी नोंदणीकृत उघड्या गाडीतून होते. मुक्कामगाडी मोहर्ली किंवा कोलारा येथील प्रवेशद्वाराबाहेरच ठेवावी लागते. भामरागडकडे प्रश्न निराळा आहे. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात तो सारा भाग तुटलेला असे. पुढे रस्ता झाला, तरी पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अजूनही तुटतो. पाण्याशी येऊन थांबलेल्या एकट्या गाडीस मागे वळता येते. अनुयान जोडलेली गाडी अरुंद वाटेवर वळत नाही. अनुयान सोडून, चार माणसांनी ते हाताने फिरवून पुन्हा जोडावे लागते. चार माणसांच्या हातांनी फिरेल एवढेच त्याचे वजन असावे, ही या भागापुरती व्यवहार्य मर्यादा होय. जीपमागील जुने पाव टनी अनुयान तिच्यात सहज बसत असे.