थायलंडमध्ये किती दिवस राहता येते? बदलते प्रवेश नियम आणि वर्षावासाचा हिशेब

थायलंडला जाणाऱ्या आपल्या तरुणांपैकी अनेकांना बँकॉकच्या बाजारापेक्षा विहारांची ओढ असते. कुणाला चैया येथे भिक्खू बुद्धदास यांनी स्थापन केलेल्या सुआन मोखमध्ये ध्यान करायचे असते, तर कुणाला अख्खा वर्षावास तिथल्या भिक्खू संघासोबत काढायचा असतो. दहा दिवसांच्या शिबिराला अडचण येत नाही. लांब मुक्कामाचा बेत मात्र पासपोर्टवरच्या शिक्क्यातील तारखेवर अडतो, आणि ती तारीख ठरवणारा नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलला आहे. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

२०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत भारतीय पर्यटकाला थायलंडच्या विमानतळावर उतरल्यावर २,००० बाथ भरून 'व्हिसा ऑन अरायव्हल' घ्यावा लागे आणि मुक्काम मिळे फक्त १५ दिवसांचा. १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ३० दिवस राहण्याची सवलत मिळाली. ती आधी सहा महिन्यांपुरती होती, नंतर वाढवली गेली. १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देशांच्या नागरिकांसाठी ही मुदत ६० दिवस झाली. कोरोनानंतर पर्यटन सावरावे, हा त्यामागचा हेतू होता. पण वर्षभराच्या आतच तक्रारी सुरू झाल्या. पर्यटक म्हणून आलेले काही लोक विनापरवाना नोकरी-धंदा करतात, सदनिका बेकायदा भाड्याने देतात, असे तिथल्या पर्यटन व्यावसायिकांचे म्हणणे होते. मार्च २०२५ मध्ये तिथल्या पर्यटन मंत्रालयाने मुदत पुन्हा ३० दिवसांवर आणण्यास संबंधित खात्यांची तत्त्वतः सहमती असल्याचे सांगितले. तेव्हा मित्राला गेल्या वर्षी किती दिवस मिळाले, यावर विसंबून तिकीट काढू नये. मुंबईतील थायलंडच्या वाणिज्य दूतावासाची ताजी सूचना पाहूनच तारीख ठरवावी.

३० आणि ६० दिवसांतला फरक आपल्यासाठी किती मोठा आहे, ते वर्षावासाच्या हिशेबातून कळते. २०२५ मध्ये आषाढ पौर्णिमा १० जुलैला होती, थायलंडमध्ये वर्षावास ११ जुलैला सुरू झाला आणि ७ ऑक्टोबरच्या पौर्णिमेला संपला. म्हणजे ८९ दिवस. उतरल्याचा दिवस पहिला धरला जातो. १० जुलैला उतरलेल्याला ६० दिवसांच्या नियमाने ७ सप्टेंबरपर्यंत राहता आले असते. त्यानंतर इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाथ भरून ३० दिवसांची वाढ मिळाली, तर बरोबर ७ ऑक्टोबर! एक दिवस आधी पोहोचला असता, तर पवारणेच्याच दिवशी मुदत संपून गेली असती. आणि मुळात ३० दिवसच असतील, तर वाढ धरूनही ६० दिवस होतात. वर्षावासाचा शेवटचा महिना हातातून जातो. शिवाय ही वाढ अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, तो हक्क नव्हे.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की वर्षावास किंवा प्रव्रज्येसाठी पर्यटक म्हणून जाऊच नये. पर्यटकाची सवलत फिरण्यासाठी आहे. धार्मिक कार्यासाठी 'नॉन-इमिग्रंट आर' हा वेगळा व्हिसा आहे. त्यावर सुरुवातीला ९० दिवस मिळतात आणि पुढे तिथूनच मुदत वाढवता येते. त्यासाठी ज्या विहारात राहायचे त्याचे पत्र आणि तिथल्या संबंधित सरकारी खात्याची संमती लागते. कागदपत्रांना वेळ जातो, तेव्हा बुद्ध पौर्णिमेची वाट न पाहता कितीतरी आधी विहाराशी पत्रव्यवहार सुरू करावा.

'मुदत संपली की शेजारच्या देशात एक चक्कर मारून परत यायचे' हा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नये. वारंवार असे करणाऱ्याला सीमेवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाथ, कमाल २०,००० बाथ दंड आहे. ९० दिवसांहून जास्त राहून स्वतः परत निघालात तरी एक वर्ष प्रवेशबंदी. देशात असताना पकडले गेलात, तर थोड्या दिवसांसाठीही पाच वर्षांची बंदी होऊ शकते. तिशीच्या आतल्या कार्यकर्त्याला ही किंमत फार मोठी आहे. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे मुख्यालय बँकॉकलाच आहे. याच संघाच्या काठमांडू परिषदेला बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये गेले होते. तिथल्या कार्यक्रमाला बोलावणे आले आणि बंदीमुळे जाता आले नाही, असे होऊ नये.

१ मे २०२५ पासून थायलंडचे डिजिटल आगमन कार्डही भरावे लागते. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत.

बाकी बौद्ध देशांचे नियम वेगवेगळे आहेत. श्रीलंकेचा इलेक्ट्रॉनिक परवाना सुरुवातीला ३० दिवसांचा असतो. भूतान २०२२ पासून भारतीयांकडून प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये शुल्क घेते, त्यामुळे तिथे मुक्काम खिसाच ठरवतो. आणि लुंबिनीला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेऊन गोरखपूरहून सोनौलीमार्गे हवे तेव्हा जाता येते, दिवस मोजावे लागत नाहीत.