देव मानणारा माणूस उत्क्रांती मान्य करू शकतो का?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलन भरले होते. त्यासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह पत्रकारांशी बोलताना म्हणाले की, डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिलेले नाही. माणूस पृथ्वीवर आला तेव्हापासून माणूसच आहे, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी दोनच दिवसांत संयुक्त निवेदन काढून हे विधान खोडून काढले. उत्क्रांती अभ्यासक्रमातून वगळणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही सिंह यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. सोशल मीडियावर मात्र या वादाला ‘देव विरुद्ध डार्विन’ असे रूप आले. खरंच या दोघांपैकी एकाचीच निवड करावी लागते का?

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर

आजचे माकड बदलून माणूस झाले, असे डार्विनने म्हटलेलेच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते आणि त्यांच्या शाखा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे विज्ञान सांगते. हे पाहायला कोणी साक्षीदार नव्हता, पण पुरावा आहे. सिंह स्वतः मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी नसतानाही बोटांच्या ठशांवरून गुन्हा उघडकीस येतो, हे पोलिसांना वेगळे सांगावे लागत नाही.

असाच एक ठसा आपल्या पेशीत आहे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. मग एक जोडी गेली कुठे? माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे जोडली जाऊन बनले आहे आणि त्या सांध्याच्या खुणा डीएनएमध्ये आजही दिसतात.

श्रद्धा असूनही उत्क्रांती मानणारे

थिओडोसियस डॉबझान्स्की हे विसाव्या शतकातील उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. ईश्वराने सृष्टी उत्क्रांतीच्या मार्गाने घडवली, अशी त्यांची धारणा होती. मानवी जनुकसंच उलगडण्याच्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हेही श्रद्धाळू ख्रिस्ती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. आत्मा मात्र ईश्वराकडूनच येतो, ही चर्चची भूमिका कायम ठेवली.

महाराष्ट्रातही हा विचार नवा नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ते सांख्यशास्त्राची तुलना डार्विन आणि हेकेल यांच्या विचारांशी करतात. सृष्टी क्रमाक्रमाने घडली, याची त्यांना अडचण वाटत नाही. सगळे काही जडातूनच निघाले, हा हेकेलचा निष्कर्ष मात्र ते नाकारतात. त्यांचे एके काळचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते आणि त्यांच्यावर हर्बर्ट स्पेन्सरच्या उत्क्रांतिविचाराचा प्रभाव होता. देवाबद्दल दोघांची मते वेगळी, पण उत्क्रांतीचा विचार दोघांनीही गंभीरपणे घेतला.

मग खटका नेमका कुठे उडतो?

देव म्हणजे सृष्टीमागचे मूळ कारण, असे मानणाऱ्याला उत्क्रांतीची अडचण येत नाही. जगाच्या मुळाशी कोणी आहे का, हा प्रश्न जीवशास्त्र हाताळतच नाही. पण ‘माणूस पहिल्यापासून असाच होता’ असे म्हटले की ते विधान श्रद्धेपुरते उरत नाही. त्याची तपासणी जीवाश्मांवरून आणि डीएनएवरून करता येते, आणि त्या तपासणीत ते टिकत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. नैसर्गिक निवडीला ठरलेले ध्येय नसते आणि तिच्यात उपासमार, रोग, मृत्यू भरपूर असतात. दयाळू ईश्वर असे जग का घडवेल, हा प्रश्न खुद्द डार्विनलाही छळत होता. रिचर्ड डॉकिन्ससारखे शास्त्रज्ञ त्यामुळेच देवाची गरज नाकारतात, तर श्रद्धाळू अभ्यासक यावर वेगवेगळी उत्तरे देतात. हा वाद तत्त्वज्ञानातला आहे. प्रयोगशाळेत त्याचा निकाल लागत नाही.

‘दशावतार म्हणजेच उत्क्रांती’ हा फॉरवर्डही जपून वाचावा. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम लक्षवेधी आहे. पण उत्क्रांती ही माणसापर्यंत चढत जाणारी शिडी नसून फांद्या फुटत जाणारे झाड आहे. कथेचे मोल ठरायला तिला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

विद्यार्थ्यांसाठी हे का महत्त्वाचे?

एनसीईआरटीने अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. त्याविरोधात एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुले पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांपर्यंत तो पोहोचत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान भाग २ मध्ये, पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. हा धडा शिकताना कोणत्याही विद्यार्थ्याला देवघर बंद करावे लागत नाही. पुरावा कसा तपासायचा, एवढेच त्याने शिकायचे असते.